आधी बुरूज, मग पाणी

“सानिका, तू हो ना बळी. तुमच्याच घरातली गोष्ट आहे. तुला छान जमेल.”

मेघनाताईंनी हे हसत सांगितलं. सानिकाच्या डोक्यावरून हात फिरवत सांगितलं. समोर मुंबईच्या एका शाळेतली मुलं उभी होती, डोक्याला जरीचे फेटे, कमरेला पुठ्ठ्याच्या तलवारी. मेघनाताईंचा मुलगाही फेटा बांधून त्यांच्यात मिसळला होता. तो किल्लेदार. बाजूला आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं, गणवेशात, प्रत्येकाच्या हातात एक रिकामी टोपली. आणि मधोमध माझी भाची सानिका. तिने हात वर केला होता तो गोलंदाज व्हायला.

तोफ कशी भरतात हे ती आठवडाभर माझ्याकडून शिकत होती. आधी दारू, मग चिंध्यांचा बोळा, मग गोळा. लाटणं आणि पिठाचा डबा घेऊन घरात सराव चालला होता. वहिनी वैतागली होती. “गोलंदाज झाले गं सगळे,” मेघनाताई म्हणाल्या, आणि तिला खांद्याला धरून बुरुजाच्या आतल्या कोनाड्यापाशी घेऊन गेल्या.

त्या कोनाड्यासमोर एक पायरी आहे. आमच्या घरातलं कुणी त्या पायरीवर पाय ठेवत नाही. सानिका थबकली. वाकून तिने चपला काढल्या, पायरी ओलांडली आणि कोनाड्यात जाऊन उभी राहिली. मेघनाताईंना वाटलं, पोरगी खेळात रंगली. “वा, किती छान,” म्हणाल्या आणि कुणाला तरी फोटो काढायला सांगितला.

मग खेळ सुरू झाला. फेटेवाल्या मुलांनी हुकूम सोडायचे. आमच्या मुलांनी टोपल्यांतून दगड आणायचे, म्हणजे राखाडी रंगवलेली पुठ्ठ्याची खोकी. ती सानिकासमोर एकावर एक रचत न्यायची. खोकी छातीपर्यंत आली की सानिकाने म्हणायचं, “पाणी.” सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, “आधी बुरूज, मग पाणी.” शेवटी सानिकाने हसत म्हणायचं, “किल्ला उभा राहिला, माझी तहान भागली.” मग टाळ्या.

हे सगळं मेघनाताईंनी लिहिलं होतं. मला न दाखवता. “उद्या तुझ्यासाठी सरप्राइज आहे,” असं आदल्या दिवशी फोनवर म्हणाल्या होत्या.

मी तिथेच उभी होते. मुलांना वाटायचे नकाशे माझ्या हातात होते. मीच काढलेले. गोष्ट माझी, नकाशे माझे, पोर माझ्या भावाची. आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं.

हे कसं झालं ते सांगते.

आमचा किल्ला लहान. अलिबागपासून मुरूडपर्यंत किनाऱ्यावर नावाजलेले किल्ले आहेत. लोक होडीत बसून बघायला जातात, काशीदच्या वाळूत लोळून परतताना एखादा उरकून टाकतात. आमच्याकडे कुणी फिरकत नसे. टेकडीवर पडक्या भिंती, एक पाण्याचं टाकं, समुद्राकडचा एक बुरूज. खाली गाव. गावाच्या टोकाला आमची बौद्धवाडी. मी तिथली. इतिहास घेऊन बी. ए. झाले, डी. एड. केलं, आणि शिक्षकभरतीची वाट बघत घरी बसले होते.

तेव्हा मेघनाताई नागावला राहायला आल्या. नारळाच्या वाडीतलं घर, मागे समुद्र. त्यांनी संस्था काढली. मुलांना इतिहास पुस्तकातून नाही, किल्ल्यावर नेऊन शिकवायचा, हात लावून, खेळून, प्रश्न विचारून. स्थानिक मुलगी हवी म्हणून मला बोलावलं.

ते काम मला जिवापाड आवडलं. भिंतीची लांबी मी मुलांना पट्टीने मोजू द्यायचे नाही, अंगाने मोजायला लावायचे. एक मूल भिंतीलगत आडवं झोपायचं, त्याच्या डोक्याला पाय लावून दुसरं, त्यापुढे तिसरं. टाक्यात पाणी कुठून येतं हे मुलं स्वतः शोधायची. बाटलीतलं थोडं पाणी खडकावर ओतायचं आणि ते पळेल तिकडे त्याच्यामागे जायचं. दगडावरची छिन्नीची खूण बोटाने चाचपायला लावायचे आणि विचारायचे, हा घाव घालणारा माणूस उजवा असेल की डावरा? मुलं कडाकडा भांडायची. मला ते भांडण ऐकायला आवडायचं. राजाचं नाव मुलं घरी पोचेपर्यंत विसरतात, पण छिन्नी धरलेला हात त्यांच्या लक्षात राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मेघनाताई सगळ्यांसमोर माझं कौतुक करायच्या. “हिच्याशिवाय माझं पान हलत नाही,” म्हणायच्या. मी फुलून जायचे. त्या आमच्या घरी जेवायच्या. खाली बसून. सोड्याचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी, आईकडून मागून घ्यायच्या. त्यांच्या आडनावाचं माणूस आमच्या घरात जेवलेलं बाबांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्या गेल्यावर बाबा बराच वेळ ओटीवर बसून होते. चेहरा सैल झाला होता. मला वाटलं, बदललं बाबा जग.

आणि एका दुपारी, टाक्याच्या काठावर डबा खाताना, मी त्यांना पायरीची गोष्ट सांगितली. आमच्या घराबाहेर कधी न गेलेली गोष्ट.

किल्ला बांधत होते तेव्हा समुद्राकडचा बुरूज टिकेना. बांधला की ढासळे. कुणीतरी सांगितलं, जीव मागतोय. मग खाली खळ्यावर माणसं आली. आमचा माणूस भात झोडत होता. दगड उचलायला चल म्हणून त्याला उन्हातून तसाच वर नेला. भिंतीत उभा केला तेव्हा त्याने पाणी मागितलं. टाकं तिथेच, काठोकाठ भरलेलं. पण पाजायचं कशातून? आम्ही तेव्हाचे महार. भांडं बाटलं असतं. त्याला मारायला ते तयार होते, पण विटाळ नको होता. तो तहानलेलाच चिणला गेला.

म्हणून खळं आटोपलं की दर वर्षी आमच्या घरातलं कुणीतरी तांब्या घेऊन वर जातं, त्या पायरीवर पाणी ओततं आणि परत येतं. हळदकुंकू नाही, नारळ नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव खाडीत सोडून आले. पायरीचं काय करायचं, असं कुणीतरी विचारलं. आजोबांचं उत्तर बाबा अजून त्यांच्याच शब्दांत सांगतात. “त्यो देव न्हाय. आपला मानूस हाय. देव सोडलं, मानूस कसा सोडायचा?” पाण्याचं आम्हाला कुणी शिकवायला नको. महाड याच जिल्ह्यात आहे.

त्या माणसाचं नाव आमच्या घरात आहे. मूल जाणतं झालं की त्याला पायरीपाशी नेतात आणि कानात सांगतात. बाहेर उच्चारायचं नाही. मेघनाताईंना मी सगळं सांगितलं, फक्त नाव सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

त्यांचे डोळे भरून आले होते. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “ही गोष्ट माझ्याजवळ सुरक्षित आहे.”

तर ती अशी सुरक्षित होती. जरीच्या फेट्यांत आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत.

खोकी सानिकाच्या छातीपर्यंत आली. तिची पाळी आली. ती बोलेना. खळं आटोपल्यावर पाणी घेऊन ती दोनदा माझ्यासोबत वर आलेली. नाव तिला अजून सांगितलं नव्हतं, पण गोष्ट माहीत होती. तिचे डोळे माझ्यावर खिळलेले.

“बोल ना बाळा,” मेघनाताई म्हणाल्या. “पाणी माग.”

मुलांनी ओरडायला तोंडं उघडून ठेवली होती. किल्लेदाराला धीर धरवेना. तो ओरडलाच, “आधी बुरूज, मग पाणी.” मग सगळे ओरडले. पुन्हा पुन्हा ओरडले. आमच्या वाडीतली मुलंसुद्धा. टोपल्या नाचवत, हसत. त्यांना काय माहीत? गोष्ट आमच्या एका घराची. पण ते हसणं माझ्या पोटात गेलं ते अजून तिथेच आहे.

“लाजतेय ती,” मुंबईच्या शाळेच्या बाई म्हणाल्या.

सानिका लाजत नव्हती. तिने मला विचारलं, हळू आवाजात, “आत्या, ह्यो खेळ हाय?”

मी नकाशे खाली ठेवले. चपला काढल्या. पोरांमधून वाट काढत गेले आणि ती खोकी बाजूला सारली. हलकी होती, रिकामी, एका हाताने गेली. माझी बाटली सानिकाच्या तोंडाला लावली. ती घटाघटा प्यायली. उरलेलं पाणी मी पायरीवर ओतलं. ओरडणं थांबलं होतं.

मग मी मुलांकडे वळून म्हणाले, “इथे एका माणसाला खरंच उभं केलं होतं. त्याला फसवून आणलं होतं. त्याने पाणी मागितलं, ते दिलं नाही, कारण तो महार होता. तो हसला नाही.”

एवढंच बोलता आलं.

फेटेवाल्यांतली एक मुलगी पुढे आली. तिने फेटा काढून हातात घेतला होता. म्हणाली, “पण पाणी न देणारे कोण होते?”

इतकी वर्षं मी मुलांना प्रश्न विचारायला शिकवत होते. इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, “चला चला, डबे काढा, उशीर झालाय.” मुलगी मागे वळून बघत बघत गेली. तिचं उत्तर माझ्याकडे राहिलं आहे.

मेघनाताईंनी मला बुरुजामागे नेलं. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज कधी चढत नाही.

“तू माझा कार्यक्रम खराब केलास. मुलं घाबरली.”

मी म्हटलं, “तुम्ही त्याला हसवलंत कशाला?”

“मुलांना काहीतरी प्रेरणा घेऊन जाता यायला हवी. जात, विटाळ, हे त्यांना आत्ताच कशाला? निरागस आहेत ती.”

“सानिका पण त्यांच्याच वयाची आहे.”

त्या म्हणाल्या, “हे बघ, तुझ्या गोष्टीला पुरावा काय आहे?”

खेळ बसवताना पुरावा लागला नव्हता. खोकी रंगवताना लागला नव्हता. त्याला भिंतीत हसवलं तेव्हाही लागला नाही. महार हा शब्द आला आणि पुरावा लागला. मी म्हटलं, “माझ्याकडे पुरावा नाही. असला तर या भिंतीत आहे.”

“वारसा सगळ्यांचा असतो,” त्या म्हणाल्या. “तो काही तुमच्या एका घराचा नाही.”

“मग पुढच्या वेळी त्या कोनाड्यात तुमच्या घरातलं पोर उभं करा.”

त्यांचा चेहरा बदलला. मला कळलं की ही कल्पनासुद्धा त्यांना सहन झाली नाही. माझ्या घरातलं पोर उभं करताना मात्र त्यांना काही वाटलं नव्हतं. वाईट बाई नाहीत त्या. हेच तर मला गिळता येत नाही. विटाळ मानणारा माणूस निदान लांब उभा राहतो, त्याच्यापासून जपून राहता येतं. या जवळ आल्या. आमच्या ताटातलं जेवल्या, रडल्या, हात हातात घेतला, आणि जाताना आमचा माणूस उचलून घेऊन गेल्या. वर त्याच्या चेहऱ्यावर हसू चिकटवलं.

माझं काम त्या दिवशी सुटलं. ते सुटायचंच होतं. पण गोष्ट तिथे थांबली नाही.

संस्थेने सहलीचे फोटो सगळीकडे टाकले. पहिलाच फोटो सानिकाचा. खोक्यांच्या वर तिचं तोंड, घामेजलेलं, डोळे मोठे. खाली लिहिलेलं, ‘किल्ल्यासाठी हसत दिलेलं बलिदान’. मी फोटो काढून टाका म्हणून कळवलं. उत्तर आलं, “अगं किती बोलका फोटो आहे. भावनेच्या भरात काही ठरवू नकोस.” पुढे जोडलेले दोन हात.

आणि शाळेत पोरांना नवा खेळ मिळाला. मधल्या सुट्टीत नळावर रांग लागते. सानिका नळाशी आली की पोरं तिला मागे ढकलायची आणि ओरडायची, “आधी बुरूज, मग पाणी.” वाडीतली, गावातली, सगळी. मजेत. त्यांना ते इतिहासाच्या सहलीत शिकवलं होतं.

सानिकाने घरी सांगितलं नाही. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी माठाकडे जायची आणि दोन-दोन पेले पाणी प्यायची. वहिनीने एकदा विचारलं, बाटली भरून देते ती संपते का गं इतक्यात? तेव्हा सगळं बाहेर आलं. बाटली पोरं काढून घ्यायची.

मी तिच्या शाळेत गेले, बाईंशी बोलले. बाईंनी पोरांना दम दिला. ओरडणं थांबलं. पण माझ्या डोक्यातलं थांबलं नाही. त्या माणसाला जिथे पाणी नाकारलं, तिथून ते नाकारणं जसंच्या तसं उचलून माझ्या भाचीच्या नळापर्यंत आलं होतं. आणि ते आणणाऱ्या बाईला वाटत होतं, आपण मुलांना इतिहासाची गोडी लावतोय.

बाबा रागावतील असं मला वाटलं होतं. संध्याकाळी ओटीवर ते दावणीचा दोर वळत बसले होते. मी समोर जाऊन बसले.

“भायेर सांगाची न्हाय, असा सांगितला व्हता तुला,” ते म्हणाले.

“व्हय.”

“नाव सांगितलास?”

“न्हाय.”

त्यांनी सुस्कारा सोडला. मी विचारलं, “बाबा, नाव का नाही सांगायचं?” हे मी आजवर विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, मान म्हणून. काही पवित्र असेल म्हणून.

बाबांनी दोर मांडीवर ठेवला. “नाव कळला का घर कळतो. बुरूज परत पडला असता, तर परत त्याच घरात आलं असतं मानसा न्यायला. म्हनून लपवला.”

मान नव्हता. भीती होती. इतक्या पिढ्या आम्ही मुलांच्या कानात नाव सांगत होतो आणि त्याच्यासोबत भीतीही देत होतो. माझ्या कानात बाबांनी दिली, बाबांच्या कानात आजोबांनी. आजोबांनी देव खाडीत सोडले, पण ही भीती त्यांच्याही नकळत घरात राहिली.

“आता बुरूज कोण बांधतंय, बाबा?”

त्यांनी दोर पुन्हा वळायला घेतला. मी उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, “सांग मंग. पन खरा सांग. खुशीनं ग्येला न्हाय त्यो.”

येत्या रविवारी संस्थेची नवी सहल आहे. माझ्या जागी दुसरा मुलगा घेतलाय. नकाशे माझेच चालू आहेत. खेळही तोच, खोकी नव्याने रंगवली आहेत असं ऐकलं. किल्ला सरकारी आहे. तिथे जायला मला संस्थेची परवानगी लागत नाही.

मी सकाळीच वर जाणार आहे. सानिका सोबत येणार आहे. तिला मी नको म्हटलं होतं, तिने ऐकलं नाही. टाक्यातलं पाणी आता पिण्यासारखं नाही, म्हणून खालून हंडा भरून नेऊ. पायरीच्या शेजारी बसू. ज्या पोराला कोनाड्यात उभं करतील, त्याने मागायच्या आत त्याला पाणी देईन. फेटेवाल्यांना देईन. टोपलीवाल्यांना देईन. मेघनाताईंनी मागितलं तर त्यांनाही देईन, पण गोष्ट परत घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही. हुसकावलं तर पुढच्या सहलीला येईन. त्याच्या पुढच्याही. त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, ते प्रत्येक सहलीतल्या मुलांना देईन.

आणि नाव सांगेन. कानात नाही, मोठ्याने. जुन्या महार नावांसारखं तेही ‘नाक’ने संपतं, त्या नावातच जात आहे, ती खरवडून काढता येत नाही, म्हणून त्याला हसवणाऱ्यांच्या खेळात ते नाव कधीच बसणार नाही. सानिकाला मी काल सांगितलं. पायरीपाशी नेलं नाही, कान जवळ घेतला नाही. घरात, सगळ्यांसमोर, चुलीजवळ बसून सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं.

राघनाक.

आता हा क्रम तुम्ही बदलायचा नाही, मेघनाताई. आधी पाणी. मग राघनाक. बुरूज त्यानंतर.